मोटारीतील मूल : मांडी, पट्टा आणि कायदा

मोटारीत लहान मुलाने बसण्याची सर्वांत सुरक्षित जागा कोणती, असा प्रश्न विचारला असता आपल्याकडील बहुतेक घरांतून एकच उत्तर मिळेल : आईची मांडी. मूल भ्याले, पेंगुळले, किरकिरू लागले की त्याला जवळ ओढून घ्यावयाचे, हा आपला पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ आहे. आणि बैलगाडीच्या किंवा टांग्याच्या प्रवासात तो कधी बाधला नाही. बैलगाडी तासाला चार-पाच किलोमीटर चालते. तिचे चाक खड्ड्यात आदळले तरी बसणारा धक्का हातांच्या वेढ्यात जिरून जातो. मोटारीने हा वेग दहापटींनी, वीसपटींनी वाढविला. माणसाच्या दंडांतील बळ मात्र होते तेवढेच राहिले. लहान मुलांना मोटारीत पट्ट्याने किंवा खास खुर्चीत बांधून बसविलेच पाहिजे, आणि तसे न केल्यास वाहनचालक दंडास पात्र होईल, असे सांगणारे जे कायदे गेल्या पन्नास वर्षांत ठिकठिकाणी झाले, त्यांचे मूळ ह्या साध्या विसंगतीत आहे.

तेव्हा कायद्याकडे वळण्यापूर्वी थोडे गणित करू.

समजा, एक मोटार ताशी ५० किलोमीटर वेगाने चालली आहे. शहरातील रस्त्यावर हा वेग कोणाला अवाजवी वाटत नाही. ह्या वेगाने मोटार दर सेकंदाला सुमारे १४ मीटर अंतर तोडते. अशी मोटार एखाद्या भिंतीवर किंवा वडाच्या बुंध्यावर आदळली, तर तिचा पुढील भाग चेपतो. तो ६० सेंटिमीटर चेपला असे धरू. म्हणजे सेकंदाला १४ मीटरांचा वेग एवढ्याशा अंतरात शून्यावर यावयाचा. हे सर्व सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही कमी वेळात घडते. ह्या अल्पकाळात मोटारीला, आणि मोटारीशी पक्क्या बांधलेल्या प्रत्येक वस्तूला, जे मंदन सोसावे लागते ते गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सोळापट भरते.

आता मांडीवर दहा किलो वजनाचे, म्हणजे साधारण वर्षा-सव्वा वर्षाचे मूल आहे असे समजा. त्याला ह्या मंदनात थोपवून धरावयाचे तर हातांना १६० किलो वजनाइतका जोर लावावा लागेल. धान्याचे भरलेले पोते शंभर किलोंचे असते. दीड पोत्याहून अधिक भार एकाएकी, आडव्या दिशेने, काहीही पूर्वसूचना नसताना कवेतून निसटू पाहतो. त्याला अडवू शकेल असा मल्ल कोणत्याही तालमीत सापडावयाचा नाही. शिवाय धोका ध्यानात येऊन स्नायू आवळले जाण्यास सेकंदाचा एक पंचमांश भाग तरी लागतो. हात घट्ट करण्याची आज्ञा मेंदूकडून सुटावी, त्यापूर्वीच धडक संपलेली असते.

निसटलेले मूल थांबत नाही. मोटार थांबली तरी न्यूटनने सांगितलेल्या जडत्वाच्या नियमाप्रमाणे ते पूर्वीच्याच वेगाने पुढे जात राहते, आणि पुढील काच, डॅशबोर्ड किंवा समोरच्या आसनाची पाठ ह्यांपैकी काही आडवे आले म्हणजेच थांबते. तेथे थांबण्यासाठी पाचच सेंटिमीटर अंतर मिळाले, तर मंदन गुरुत्वाकर्षणाच्या दोनशेपटींच्या घरात जाते. ज्यांना आकडे रुक्ष वाटतात त्यांनी हाच प्रकार उभ्या दिशेने पाहावा. ताशी ५० किलोमीटर हा वेग म्हणजे सुमारे दहा मीटर उंचीवरून पडणारी वस्तू जमिनीवर ज्या वेगाने आदळते तो वेग होय. तिसऱ्या मजल्याच्या सज्जाला कठडा नसेल तर तेथे मुलाला घेऊन कोणी उभे राहणार नाही. मोटारीत तोच कठडा नसतो, परंतु उंची डोळ्यांना दिसत नाही.

आईने स्वतः पट्टा बांधलेला नसेल तर प्रकार आणखी बिकट होतो. मूल पुढे फेकले जाते आणि त्याच्या मागोमाग आईचे पन्नास-पंचावन्न किलोंचे शरीर त्याच्यावर येऊन आदळते. काही जण ह्यावर तोडगा म्हणून स्वतःभोवती व मुलाभोवती मिळून एकच पट्टा बांधतात. ही युक्ती पाहणाऱ्याला चातुर्याची वाटते. वस्तुतः तिच्यात पट्टा व आईचे शरीर ह्यांच्यामध्ये मूल सापडते आणि वर केलेल्या हिशोबाने त्याच्यावर आठ-नऊशे किलोंचा दाब येऊ शकतो. सर्व चुकीच्या उपायांत हा सर्वांत वाईट म्हणावा लागेल.

पट्टा कोठून आला

वेगापासून शरीराचे रक्षण कसे करावे हा विचार मोटारीपूर्वी विमानाच्या क्षेत्रात सुरू झाला. ह्यू डीहेवन नावाचा एक तरुण १९१७ मध्ये रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये वैमानिकाचे शिक्षण घेत असता हवेतील टकरीत सापडला. तो वाचला, परंतु पोटातील अवयवांना गंभीर इजा झाली. ही इजा विमानाच्या पट्ट्याच्या बकलामुळे झाली, असा त्याचा निष्कर्ष होता. ज्या साधनाने जीव वाचविला त्यानेच पोट फाडले. तेव्हा पट्टा हवाच, पण तो शरीराच्या कोणत्या भागावर बसतो ह्यावर सारे अवलंबून आहे, ही गोष्ट त्याच्या मनात रुजली. पुढे १९४२ मध्ये त्याने पन्नास ते दीडशे फूट उंचीवरून पडूनही जगलेल्या माणसांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आघात मोठ्या पृष्ठभागावर पसरला आणि थांबावयास थोडे अंतर मिळाले, तर मनुष्यदेह आपण समजतो त्याहून पुष्कळ अधिक सोसू शकतो, हे त्याने दाखवून दिले.

ह्याचा प्रत्यक्ष पडताळा अमेरिकेच्या वायुदलातील डॉक्टर जॉन पॉल स्टॅप ह्यांनी स्वतःच्या देहावर घेतला. १० डिसेंबर १९५४ रोजी न्यू मेक्सिकोतील होलोमन तळावर रॉकेटच्या घसरगाडीवर स्वतःला पट्ट्यांनी जखडून घेऊन ते ताशी सुमारे १०१७ किलोमीटर वेगाने गेले आणि १.४ सेकंदात थांबले. गुरुत्वाकर्षणाच्या ४६ पटींहून अधिक मंदन त्यांच्या शरीराने सोसले. डोळ्यांत रक्त उतरून काही काळ त्यांना दिसेनासे झाले. परंतु ते सुधारले आणि पुढे १९९९ पर्यंत, वयाच्या नव्वदीच्या उंबरठ्यापर्यंत जगले. पट्टा पक्का असेल तर माणूस काय सोसू शकतो, ह्याविषयी नंतर वाद उरला नाही.

मोटारीत आज जो तीन ठिकाणी जोडलेला पट्टा असतो तो स्वीडनच्या निल्स बोलिन ह्यांनी सिद्ध केला. व्होल्वो कंपनीत येण्यापूर्वी ते साब कंपनीत वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी आसने तयार करीत असत. एक पट्टी छातीवरून तिरपी, एक कमरेवरून आडवी, दोहोंचे टोक नितंबाच्या बाजूस खाली जोडलेले आणि एका हाताने लावता येणारे, अशी त्यांची रचना होती. १९५९ मध्ये ती मोटारींत बसू लागली आणि कंपनीने तिच्या हक्कांचा आग्रह न धरता इतर उत्पादकांनाही ती वापरू दिली. ह्या पट्ट्याची सारी खुबी तो शरीराच्या कोणत्या हाडांवर टेकतो ह्यात आहे. वरचा भाग फासळ्या व खांद्याचे हाड ह्यांवर येतो, खालचा कटीच्या हाडांवर. शरीरातील हे सर्वांत बळकट भाग आहेत. मऊ पोटाला पट्ट्याने स्पर्श करावयाचा नाही.

आणि नेमकी हीच गोष्ट लहान मुलाच्या बाबतीत साधत नाही.

मूल म्हणजे आकाराने लहान असलेला प्रौढ नव्हे

नवजात अर्भकाचे डोके त्याच्या एकूण लांबीच्या सुमारे एक चतुर्थांश असते. प्रौढाचे एक सप्तमांश ते एक अष्टमांश. हे मोठे डोके ज्या मानेवर तोललेले असते तिचे मणके अद्याप पूर्ण हाडाचे झालेले नसतात. प्रत्येक मणका कूर्चेने सांधलेल्या तुकड्यांचा बनलेला असतो, आणि हे तुकडे जुळून एकसंध होण्यास कित्येक वर्षे लागतात. मूल पुढे तोंड करून बसले असता समोरून धडक झाली, तर धड पट्ट्याने अडते, परंतु डोके पुढे झेपावत राहते आणि सारा ताण मानेवर येतो. आतील कूर्चा ताणली जाऊ शकते. मज्जारज्जू मात्र तितका ताणला जात नाही.

ह्यावरचा उपाय फार साधा आहे : मुलाची पाठ मोटारीच्या दिशेकडे करावी. मग धडकेच्या वेळी डोके, मान व पाठ ही तिन्ही एकदम खुर्चीच्या पाठीत रुततात आणि आघात सबंध पृष्ठभागावर वाटला जातो. डीहेवनने पडलेल्या माणसांच्या बाबतीत जे पाहिले तेच हे. स्वीडनचे डॉक्टर बेर्टिल आल्डमन ह्यांनी १९६४ च्या सुमारास अशी पहिली उलट्या तोंडाची खुर्ची तयार केली. अमेरिकेचे अंतराळवीर जेमिनी यानात पाठीवर भार घेऊन कसे बसतात, हे पाहून त्यांना ही कल्पना सुचली होती. आजही स्वीडनमध्ये मुलाला चार वर्षांपर्यंत असे बसविण्याचा प्रघात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीतील १२९ क्रमांकाच्या नियमानुसार पंधरा महिने होईपर्यंत तरी मुलाने उलटेच बसले पाहिजे.

आपल्याकडे ह्या खुर्चीविषयी पहिला आक्षेप असा येतो, की मुलाचे पाय आखडतात आणि त्याला आईचे तोंड दिसत नाही. पाय दुमडून बसणे मुलांना मोठ्यांइतके जड जात नाही, हे कोणत्याही अंगणात पाहावयास मिळेल. दुसरा आक्षेप खरा आहे. त्यावर आईने मुलाशेजारी मागील आसनावर बसणे हाच उपाय.

मूल मोठे झाले की मानेचा प्रश्न मागे पडतो आणि कमरेचा पुढे येतो. प्रौढाच्या कटीच्या हाडाला पुढच्या बाजूस जे उंचवटे असतात त्यांच्याखाली पट्टा अडकून राहतो. लहान मुलात हे उंचवटे पुरेसे वाढलेले नसतात; दहाव्या वर्षाच्या सुमारास ते आकाराला येतात. तोपर्यंत मोठ्यांचा पट्टा नुसता बांधला, तर धडकेत मूल त्याच्याखालून घसरते, पट्टा पोटावर चढतो आणि आतडी, यकृत, पाठीचा कणा ह्यांना दुखापत होते. खांद्यावरचा भाग मानेला काचतो, म्हणून मूल तो पाठीमागे टाकते आणि उरलेसुरले संरक्षणही जाते. ह्याकरिता मधल्या वयाच्या मुलांना ‘बूस्टर’ नावाची उंच बैठक देतात. ती स्वतः मुलाला बांधीत नाही. मुलाला वर उचलून मोठ्यांचा पट्टा योग्य हाडांवर आणून देते, एवढेच तिचे काम. ब्रिटनमध्ये १३५ सेंटिमीटर उंची किंवा बारा वर्षे वय, ह्यांपैकी जे आधी येईल तोपर्यंत मुलाला योग्य खुर्ची किंवा अशी बैठक देणे २००६ पासून, काही थोडे अपवाद वगळता, सक्तीचे आहे.

ह्या साऱ्याचा गुण किती? अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाच्या हिशोबाप्रमाणे नीट बसविलेल्या खुर्चीमुळे प्रवासी मोटारीत एका वर्षाखालील अर्भकांच्या मृत्यूचा धोका ७१ टक्क्यांनी, आणि एक ते चार वर्षांच्या मुलांचा ५४ टक्क्यांनी कमी होतो. इतके निश्चित फळ देणारी उपाययोजना वैद्यकातही थोडीच असेल.

कायद्याने दार ठोठावले

साधन उपलब्ध असणे आणि लोकांनी ते वापरणे ह्यांत मोठे अंतर असते. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींत पट्टे बसविणे उत्पादकांवर बंधनकारक झाले. पण बांधणारे थोडे. तेव्हा १९७४ च्या मोटारींत अशी यंत्रणा घालण्यात आली, की पुढील प्रवाशांनी पट्टा लावल्यावाचून इंजिन सुरूच होऊ नये. लोक इतके संतापले की त्याच वर्षी काँग्रेसने ती सक्ती रद्द केली. यंत्राने आज्ञा करावी हे माणसाला रुचत नाही असे दिसते.

ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने ह्याआधीच दुसरा मार्ग धरला होता. १९६९ मध्ये तेथे रस्त्यांवर १०३४ माणसे मृत्युमुखी पडली. मेलबर्नच्या एका वृत्तपत्राने त्या आकड्याविरुद्धच युद्ध पुकारले, आणि २२ डिसेंबर १९७० पासून तेथील कायद्याने पट्टा बांधणे सक्तीचे केले. जगातील असा हा पहिलाच कायदा. ब्रिटनमध्ये पुढील आसनांवरील सक्ती यावयास ३१ जानेवारी १९८३ उजाडला.

मुलांविषयीच्या कायद्याची कथा मात्र अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील मर्फ्रीसबरो ह्या गावी सुरू होते, आणि ती थोडी विस्ताराने सांगण्यासारखी आहे.

रॉबर्ट सँडर्स हे तेथील बालरोगतज्ज्ञ. मुलांना देवी, गोवर, पोलिओ ह्यांपासून वाचविण्याची साधने हाती आली असता तीच मुले मोटारीत मरतात, ही गोष्ट त्यांना सलत होती. लस टोचणे हे डॉक्टराचे कर्तव्य असेल तर मुलाला खुर्चीत बांधावयास लावणे हेही त्याचेच कर्तव्य, अशी त्यांची विचारसरणी होती. पत्नी पॅट ह्यांच्या साहाय्याने त्यांनी आमदारांना गाठण्यास आरंभ केला. पहिला प्रयत्न फसला. अखेर १९७७ मध्ये टेनेसीच्या विधिमंडळाने चार वर्षांखालील मुलांना खुर्चीत बसविण्याची सक्ती करणारा कायदा संमत केला, आणि तो १ जानेवारी १९७८ पासून अमलात आला. अमेरिकेतील हा पहिला.

परंतु विधेयक संमत होता होता त्यात एक पोटवाक्य शिरले. प्रवाशाने मुलाला हातांत धरले असेल तर खुर्चीची आवश्यकता नाही, असा त्याचा आशय होता. सभागृहातील भल्या माणसांना आईच्या कवेतून मूल काढून घेणारा कायदा निष्ठुर वाटला असावा. सँडर्स ह्यांनी ह्या दुरुस्तीला नाव दिले ‘मुले चिरडणारी दुरुस्ती’. नाव कठोर आहे. पण आपण वर जे गणित केले त्याहून कठोर नाही. कायद्याने ज्या समजुतीचा बंदोबस्त करावयाचा, तीच समजूत अपवादाच्या रूपाने कायद्यात येऊन बसली होती. ती बाहेर काढावयास चार वर्षे लागली. १९८१ मध्ये तो अपवाद रद्द झाला. १९८५ पर्यंत अमेरिकेतील सर्व राज्यांनी मुलांच्या सुरक्षेचे असे कायदे केले. सँडर्स २००६ मध्ये वारले. गावात त्यांना ‘डॉक्टर सीट बेल्ट’ ह्या नावाने ओळखत.

खुर्च्यांविषयीही एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. १९३० च्या दशकात मोटारीत अडकवावयाच्या ज्या खुर्च्या मिळत, त्यांचा उद्देश मुलाला खिडकीतून बाहेरचे दिसावे व त्याने धुडगूस घालू नये, इतकाच होता. १९७१ मध्ये अमेरिकेने खुर्च्यांसाठी पहिले मानक ठरविले. त्यातही प्रत्यक्ष धडकेची चाचणी नव्हती. ती १९८१ मध्ये आली. म्हणजे काही वर्षे अशी गेली, की खुर्ची वापरा म्हणून सांगणारे डॉक्टर होते, परंतु धडकेत ती टिकेल की नाही हे तपासण्याची सक्ती नव्हती.

आपल्या देशातील तरतूद

भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये मोठी दुरुस्ती झाली आणि ‘१९४ ब’ हे कलम नव्याने दाखल झाले. १ सप्टेंबर २०१९ पासून ते लागू आहे. त्याच्या पहिल्या पोटकलमाप्रमाणे, पट्टा न बांधता वाहन चालविणारा किंवा पट्टा न बांधलेले प्रवासी नेणारा १००० रुपये दंडास पात्र होतो. दुसरे पोटकलम आपल्या विषयाचे. चौदा वर्षांखालील मूल सुरक्षा-पट्ट्याने अथवा बालकासाठी असलेल्या खास साधनाने सुरक्षित केलेले नसेल, तर अशा मुलासह वाहन चालविणाऱ्यास तेवढाच दंड होतो. येथे ‘साधन’ म्हणून जो शब्द मी योजला आहे, त्याच्या इंग्रजी मूळाचा अर्थ ‘आवरून धरणारी व्यवस्था’ असा आहे. मुलाला आवरून धरावयाचे ते कशापासून, तर त्याच्याच वेगापासून. हा अर्थ कोणत्याही एका मराठी शब्दात पकडणे मला जमलेले नाही. बाजारात आणि घरांत लोक ‘चाइल्ड सीट’ म्हणतात, आणि ते समजते.

दंड चालकाला का? मूल पट्टा बांधण्याचा निर्णय स्वतः घेऊ शकत नाही, हे उघड आहे. पण पालकाला न करता चालकाला का, असे कोणी विचारील. मुलासोबत नेहमी आईबापच असतात असे नाही. मामा असतो, शेजारी असतो, पगारी चालक असतो. वाहन सुरू करावयाचे की नाही हे ज्याच्या हाती, त्याच्यावर कायद्याने भार टाकला आहे. मालकाच्या मुलाला ‘बांधल्याशिवाय गाडी हलणार नाही’ असे पगारी चालकाने सांगावयाचे, ही गोष्ट कागदावर सोपी आणि व्यवहारात अवघड आहे, हे मान्य केले पाहिजे. तरीही असे म्हणावयास त्याच्या पाठीशी एक कलम आहे, हे काही थोडे नाही.

आता त्या कलमातील ‘अथवा’ पाहू. दोन वर्षांच्या मुलाला मोठ्यांचा पट्टा बांधला, तर कलमाचे अक्षर पाळले गेले असे कोणी म्हणू शकेल, कारण पट्टा ‘अथवा’ साधन, एवढेच तेथे सांगितले आहे. कोणत्या वयाला किंवा उंचीला काय वापरावे, ह्याचे कोष्टक कलमात नाही. तेरा वर्षांचा मुलगा आणि तेरा महिन्यांचे बाळ ह्या दोघांना एकाच वाक्यात बसविले आहे. माझ्या मते ह्या वाक्यातील वजनदार शब्द ‘सुरक्षित केलेले’ हा आहे. जो पट्टा बाळाच्या पोटावर चढतो त्याने ते सुरक्षित होत नाही, असा अर्थ लावला तर कलम विज्ञानाशी जुळते. नाहीतर टेनेसीच्या पोटवाक्यासारखी एक फट त्यात राहते. रस्त्यावरील हवालदाराने हा अर्थ लावावा अशी अपेक्षा करणे न्याय्य नव्हे. वयाचे वा उंचीचे कोष्टक नियमांत स्पष्टपणे येणे हाच सरळ मार्ग.

केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १३८ व्या नियमाप्रमाणे मागील आसनावर पुढे तोंड करून बसणाऱ्यांनीही पट्टा बांधावयाचा आहे. परंतु मागे बसले की पट्ट्याची गरज नाही, ही समजूत दृढ आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री व त्यांच्याशेजारी बसलेले सहप्रवासी मृत्यू पावले. दोघेही मागील आसनावर होते आणि त्यांनी पट्टे बांधलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. पुढे बसलेले दोघे वाचले. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ ह्या वर्षी देशातील रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मरण पावली. त्यांपैकी १६,७१५ जणांनी पट्टा बांधलेला नव्हता, आणि ह्यांत जवळजवळ निम्मे चालक नसून प्रवासी होते.

मोटारींच्या बाजूने मात्र प्रगती होत आहे. ‘भारत एनकॅप’ ही धडक-चाचणीची योजना १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. तीत मागील आसनावर दीड वर्षाच्या व तीन वर्षांच्या मुलांच्या मापाचे पुतळे खुर्चीत बसवून ताशी ६४ किलोमीटर वेगाने समोरून धडक घडविली जाते, आणि मुलांच्या सुरक्षेसाठी मोटारीला स्वतंत्र तारे मिळतात. तारे पाहून मोटार घेणारा ग्राहक तीच खुर्ची स्वतः विकत घेतो काय, हा प्रश्न वेगळा. खुर्चीला काही हजार रुपये पडतात, आणि मोटारीच्या किमतीपुढे ते फार नव्हेत. तरीही ती ‘जास्तीची वस्तू’ समजली जाते.

खुर्ची बसविताना

खुर्ची मागील आसनावरच बसवावी. पुढील आसनासमोर जर हवेची पिशवी, म्हणजे ‘एअरबॅग’ असेल, तर तेथे उलट्या तोंडाची खुर्ची कधीही ठेवू नये. पिशवी डोळ्याचे पाते लवण्यापूर्वी फुगते आणि तिचा तडाखा थेट मुलाच्या डोक्यामागील खुर्चीच्या पाठीवर बसतो. खुर्ची मोटारीला घट्ट बांधली गेली की नाही हे पाहण्यासाठी पट्टा जेथून जातो तेथे धरून ती हलवावी. अडीच सेंटिमीटरांहून अधिक हलली तर ती सैल आहे. मुलाच्या अंगावरील पट्टीची खांद्यापाशी चिमटीत घडी धरता येत असेल, तर तीही सैल आहे. थंडीच्या प्रदेशात मुलाला जाड कोट घालून बांधण्याची चूक होते. धडकेत कोट चेपतो आणि पट्टी ढिली पडते. आधी बांधावे, मग वरून पांघरूण घालावे.

उलट्या खुर्चीत खांद्याच्या पट्ट्या खांद्यांच्या पातळीला किंवा किंचित खालून याव्यात; पुढे तोंड केलेल्या खुर्चीत खांद्यांच्या पातळीला किंवा वरून. मोठ्यांचा पट्टा मुलाला केव्हा पुरेल, हे वयापेक्षा शरीरावरून ठरवावे : पाठ आसनाला टेकून गुडघे आसनाच्या कडेशी नीट दुमडत असतील, खालची पट्टी मांड्यांच्या मुळाशी बसत असेल आणि वरची मानेला न लागता खांद्याच्या मधून जात असेल, तर बूस्टरचे काम संपले. जुनी खुर्ची घेताना ती कोणत्या अपघातातून गेलेली नाही ह्याची खात्री ओळखीच्या घरातूनच मिळू शकते, कारण मोठ्या धडकेत सापडलेली खुर्ची वरून धडधाकट दिसली तरी आतून चिरलेली असू शकते.

आणि ज्या घरांत मोटार नाही, त्यांचे काय? आपल्या देशातील पुष्कळशी मुले दुचाकीवरून जातात. स्कूटरवर पुढे उभी राहून, किंवा आईवडिलांच्या मध्ये दाटून. ह्यांच्यासाठी केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये नियम प्रसिद्ध केला आणि तो एका वर्षानंतर, फेब्रुवारी २०२३ मध्ये अमलात आला. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला दुचाकीवर नेताना त्याला चालकाशी पट्ट्यांनी बांधावयाचे, त्याच्या डोक्यावर त्याच्या मापाचे हेल्मेट घालावयाचे आणि वेग ताशी ४० किलोमीटरांच्या पुढे जाऊ द्यावयाचा नाही, असे त्यात सांगितले आहे. ह्या पट्ट्यांचे काम मोटारीतील खुर्चीहून निराळे आहे. पेंगुळलेले मूल वळणावर किंवा खड्ड्यात खाली पडू नये म्हणून ते त्याला चालकाच्या अंगाशी धरून ठेवतात. समोरून धडक झाली तर चेपून वेग शोषणारा मोटारीचा पुढील भाग दुचाकीला नसतो, आणि चालकाबरोबर मूलही फेकले जाते. म्हणून त्या नियमात पट्टा आणि हेल्मेट ह्यांच्याबरोबर ४० चा आकडा घातला आहे, आणि तिन्हींत तोच सर्वांत स्वस्त आहे.